टेकू

यांच्या डाव्या मनगटाच्या चार बोटं वर हात ठेवला की आत मधमाशी कोंडल्यासारखं गुणगुणतं. डॉक्टर त्याला थ्रिल म्हणतात. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून रोहिणी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला केला, त्याला आता चौदा महिने झाले. सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी आधी यांच्या हाताला हात लावून बघते. गुणगुणतंय म्हणजे रस्ता चालू आहे, आज सुई लागेल. त्या हातावर प्रेशर मोजायचं नाही, रक्त काढायचं नाही, पिशवी अडकवायची नाही, घट्ट घड्याळसुद्धा नाही. हे म्हणतात, "घरात सगळ्यात लाडका आता हा हात."

ओळखीत कुणाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मागे पडली की रक्तात चढणारा आकडा, वाढलं की फोन आमच्याकडे येतो, आणि तिसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो: "तुम्ही आयुर्वेदिक पण करता ना? कुठलं औषध?" मी औषधाचं नाव सांगत नाही. त्याचा लोकांना राग येतो. काहीतरी गुपित दडवून ठेवलंय असं वाटतं त्यांना. तर ते गुपित एकदाचं लिहून टाकते. लांबेल जरा.

मी पतसंस्थेत एकवीस वर्षं कॅशियर होते. आकडा लिहून ठेवल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यामुळे यांच्या दुखण्याची एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय: वय ६१, साखर १९ वर्षं, क्रिएटिनिन ४.१, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) १६. त्या दिवशी किडनीच्या डॉक्टरांनी कागदावर एक शिडी काढून दाखवली. ईजीएफआर ९० च्या वर असला तर ठीक, १५ ते २९ म्हणजे चौथी पायरी, १५ च्या खाली पाचवी. "तुम्ही चौथीच्या काठावर उभे आहात," ते म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते जपायचं. आणि तयारीला लागायचं." तयारी म्हणजे काय हे मी विचारलंच नाही. घरी येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

माणूस गप्प झाला की नातेवाईक बोलायला लागतात. धाकट्या दिरांनी आठवड्याच्या आत चूर्णाचे दोन डबे पाठवले. भाऊजींचा हेतू चांगलाच होता. त्यांना स्वतःला मुतखड्यावर तेच चूर्ण लागू पडलं होतं. डब्यावर गोखरू, पुनर्नवा, वरुण, कासनी आणि यवक्षार अशी नावं होती. नावं वाचून मला तर धीर आला. आजीच्या तोंडी ऐकलेली ही नावं, यात वाईट काय असणार? एक चमचा चूर्ण दोन पेले पाण्यात उकळून अर्धं करायचं, दोन वेळा घ्यायचं, शिवाय दिवसाला तीन लिटर पाणी आणि एक शहाळं. "किडनी धुऊन निघेल," भाऊजी फोनवर म्हणाले. हे वाक्य मी नंतर इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ऐकलं तरी अंगावर काटा येतो. किडनी म्हणजे तुंबलेली मोरी नव्हे, पाण्याचा लोट सोडला की मोकळी व्हायला.

सोळाव्या दिवशी हे जिना चढताना मधेच बसले. पाय उचलत नाहीत म्हणाले. मला वाटलं साखर उतरली. कॅज्युअल्टीत नेलं तर पोटॅशियम ६.७. ते साधारण साडेतीन ते पाचच्या आत असावं लागतं. ईसीजीच्या कागदावर डोंगरासारखे टोकदार सुळके उठले होते. हृदय थांबायच्या वाटेवर होतं, पण छातीत दुखणं नाही, धाप नाही. त्या तरुण डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, नाकावर मास्क लावून वाफ दिली आणि सलाइनमधून ग्लुकोज सोडायला लागले. मी ओरडले, "अहो, यांना साखर आहे! ग्लुकोज काय देताय?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काकू, सोबत इन्सुलिन आहे. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं. ग्लुकोज आहे ते साखर एकदम पडू नये म्हणून." त्या रात्री मी जन्मात पहिल्यांदा पोटॅशियम हा शब्द वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

झालं काय होतं ते मला नंतर नीट कळलं. यवक्षार म्हणजे जवाची रोपं जाळून राखेतून काढलेला क्षार. तो बहुतांशी पोटॅशियमचाच. पुनर्नवेतही पोटॅशियमचे क्षार भरपूर. शहाळ्यात आणखी. आणि यांना प्रेशरची जी गोळी चालू होती ती किडनीला जपते खरी, पण पोटॅशियम अंगात धरूनही ठेवते. धडधाकट किडनी हे सगळं लघवीवाटे बाहेर टाकते. भाऊजींच्या किडनीने तेच केलं. यांच्या किडनीच्या हातून ते होणार नव्हतं. पोटॅशियमची पावती चौघांकडून जमा झाली आणि खर्चाची खिडकी बंद, असा हिशोब.

यानंतर कुणीही शहाणा माणूस आयुर्वेदाच्या वाटेला गेला नसता. मी गेले, पण भांडायला. चूर्णाचा रिकामा डबा पिशवीत टाकून मी एका वैद्यांकडे गेले. आहारतज्ज्ञ बाईंनीच नाव सुचवलं होतं, हे विशेष. चाळिशीच्या असतील. मी त्यांना वैद्यताई म्हणते, त्या मला काकू म्हणतात. मी डबा टेबलावर आपटला आणि म्हटलं, "हे तुमचं शास्त्र."

त्यांनी डबा फिरवून यादी वाचली. मग म्हणाल्या, "फाईल आणलीत का?"

फाईल उघडून त्यांनी आधी पोटॅशियम बघितलं, मग बायकार्बोनेट, मग हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं, सोनोग्राफीत किडन्यांची लांबी. क्रिएटिनिन सगळ्यात शेवटी. मग यांची जीभ बघितली, पायावर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघितलं, झोप विचारली, भूक विचारली, तोंडाला कसली चव येते ते विचारलं. "लोखंडासारखी," हे म्हणाले. हे मला इतके दिवस बोलले नव्हते.

"यात मी देण्यासारखं थोडं आहे आणि न देण्यासारखं खूप," वैद्यताई म्हणाल्या. "आधी एक सांगते, तुम्हाला कुणी ग्रंथातला किडनी फेल्युअरवरचा श्लोक दाखवला तर जरा जपून." चरकाने मूत्र वाहणाऱ्या स्रोतसांचं, म्हणजे वाहिन्यांचं, मूळ सांगितलंय ते बस्ती आणि वंक्षण, म्हणजे मूत्राशय आणि जांघेचा भाग. वृक्क, म्हणजे आपली किडनी, त्याने धरली आहे मेदाच्या स्रोतसांचं मूळ म्हणून. सुश्रुत म्हणतो, वृक्क रक्त आणि मेदाच्या सारातून घडतात. मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, प्रकार सांगितलेत, मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे त्रासाने होण्याचे, सांगितलेत, प्रमेहाचे तर वीस, मधुमेह त्यातलाच. आजचे वैद्य हा आजार त्यांतून जुळवून घेतात. प्रमेह जुना झाला, धातू झिजत गेले, स्रोतसं बंद पडली, अशी साखळी लावतात. "जुळवणं चूक नाही," त्या म्हणाल्या, "पण जुळवलंय हे विसरू नये."

मी अवाक् झाले. मी गेले होते भांडायला आणि ही बाई स्वतःच्याच शास्त्राची हद्द आखून दाखवत होती.

मग त्यांनी तो शब्द सांगितला. याप्य. रोगाचे साध्य आणि असाध्य एवढेच दोन कप्पे नाहीत, मध्ये एक कप्पा आहे. बरा होत नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणूस तगून राहतो. उपचार थांबला की कोसळतो. सुश्रुताने त्याला उपमा दिली आहे पडत्या घराला नीट लावलेल्या टेकूची.

टेकू म्हटल्यावर मला माहेरचं घर दिसलं. मागच्या पडवीची भिंत पोटात आली होती. वडिलांनी तिला एक वासा तिरका लावला होता, खाली चपटा दगड, वर फळकूट. आम्ही पोरं त्या वाशाला धरून गोल फिरायचो आणि ओरडा खायचो. ती भिंत त्या टेकूवर सतरा पावसाळे उभी होती. टेकू काढायचा नसतो, आणि टेकू लावलाय म्हणून वर माडी चढवायची नसते. वैद्यताईंना मी हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "काकू, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळलं."

आता त्यांनी काय काय नाकारलं ते. यांच्या वडिलांना चंद्रप्रभा वटी चालू असायची, म्हणून यांची तिच्यावर फार श्रद्धा. वैद्यताईंनी घटक वाचून दाखवले: यवक्षार, सज्जीक्षार, वर सैंधव, बिडलवण आणि सौवर्चल ही मिठं. पोटॅशियम आहे, सोडियमही आहे. "ज्याला चालेल त्याला मी लिहून देते. यांना नाही." सैंधवावरून तर आमच्याकडे मोठीच समजूत होती की ते औषधी मीठ, कितीही चालतं. तेही मीठच. त्याउलट दुकानातलं कमी सोडियमचं मीठ अजून वाईट, कारण त्यात सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं.

पंचकर्माचंही तेच. विरेचन नको, जुलाबांनी अंगातलं पाणी आणि प्रेशर पडलं तर उरलेल्या किडनीला रक्त कमी पडतं. पेटीत बसवून घाम काढणं नको. घामातून थोडा युरिया, म्हणजे किडनीने टाकायचा रक्तातला कचरा, जातो, पण बदल्यात चक्कर येऊन पडायची वेळ येते. बस्ती, म्हणजे एनिमा, नको, कारण त्यात काय काय शोषलं जाईल याचा अशा माणसात भरवसा नाही. खोकल्याला मी ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्यायचे, तीही बंद, प्रेशर चढवते म्हणून. आणि रसौषधी, म्हणजे पारा-धातू घालून केलेली औषधं, तर अजिबात नाही. माझ्या नणंदेने कुण्या वैदूकडून लाल पुड्या आणल्या होत्या, कागदात बांधलेल्या, वर नाव नाही की गाव नाही. वैद्यताईंनी त्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. "घटक लिहिलेले नाहीत ते औषध नव्हे," एवढंच बोलल्या. मी नंतर शोधून वाचलं तर २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर मिळणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पारा असलेली देशी औषधं घेणाऱ्या माणसांच्या किडनीच्या गाळण्या बिघडून लघवीतून प्रथिनं वाहू लागल्याचं आपल्याकडच्या डॉक्टरांनीही नोंदवलंय. भस्म नीट झालं की नाही याच्या ग्रंथात परीक्षा आहेत, पाण्यावर तरंगलं पाहिजे, बोटांच्या रेघांत भरलं पाहिजे. त्या पुडीची परीक्षा कोणी केली होती, हे विचारायला तो वैदू पुन्हा दिसला नाही.

देण्यासारखं थोडं होतं त्यात पहिला नंबर माझ्या स्वयंपाकघराचा. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं की भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून द्यायचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं. माझ्या जिवावर आलं होतं. भाजीचं पाणी फेकायचं? आम्ही तर ते आमटीत घालणारी माणसं. वैद्यताईंनी चरकाच्या शाकवर्गातली एक ओळ म्हणून दाखवली: पालेभाजी शिजवून, रस पिळून काढून, मग स्निग्ध पदार्थ घालून खावी. त्या काळी पोटॅशियम कुणाला ठाऊक? भाज्या पचायला जड, म्हणून तसं सांगितलेलं. पण हात तेच करतो. त्या दिवसापासून मी मुकाट्याने पाणी फेकते. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तर मला खटकलं, चरकाने सांगितलं तर पटलं, याची आता मला स्वतःचीच मौज वाटते.

दोघींनी मिळून एकच तक्ता केला. तांदळाचा भात, मुगाचं कढण मोजून एक वाटी, दुधी, दोडका, पडवळ, कोबी, सगळं चिरून उकळून पिळून. ताक नाही, सुकामेवा नाही, केळं नाही, गुळाऐवजी डॉक्टरांच्या मापात जे बसेल ते. लोणचं-पापड बंद. पापडखारातही सोडियम. प्रथिनं त्या वेळी किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम ठरवली होती.

दुसरं म्हणजे तहान. लघवी कमी झाली की पाण्याला माप येतं. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं पाणी, वर अर्धा लिटर. मी जुना मापाचा मग संडासात ठेवला आणि वहीत दोन रकाने केले, जमा आणि खर्च. त्या मापातच चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं आलं. उन्हाळ्यात यांचे डोळे माठाकडे लागायचे. वैद्यताईंनी गंडूष सांगितला: थंड पाणी तोंडभर घ्यायचं, गाल फुगवून धरून ठेवायचं, डोळ्यांना पाणी यायला लागलं की थुंकायचं. घशाखाली थेंब नाही. हे पहिल्यांदा वैतागले, मग सवय झाली. आता दिवसातून सहा-सात वेळा गाल फुगवून गॅलरीत उभे असतात. शेजारच्या पोराला वाटतं आजोबा चिडवतायत, तोही फुगवतो.

तिसरं तेल. युरिया वाढला की खाज सुटते, साधीसुधी नाही, पाठ दाराच्या चौकटीला घासायला लावणारी. कोरडी पडलेली कातडी कोमट खोबरेलाने रोज रात्री चोळायची, पायांच्या तळव्यांना काशाच्या वाटीने तूप किंवा तेल. याने युरिया उतरत नाही हे वैद्यताईंनी आधीच सांगून ठेवलं. पण माणूस चार तास सलग झोपला. पोट साफ व्हावं म्हणून काहीतरी चूर्ण मागितलं तर त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या पातळ औषधाची बाटली बघितली आणि म्हणाल्या, "हेच छान आहे, चालू ठेवा. बद्धकोष्ठ राहू देऊ नका, पोटॅशियमला आता तीही एक वाट आहे." दुसऱ्याच्या बाटलीला छान म्हणणारा वैद्य मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांनी जे काही दिलं त्याचं एक पत्र किडनीच्या डॉक्टरांना लिहिलं, वनस्पतींची शास्त्रीय नावं घालून, मात्रा घालून. डॉक्टरांनी एक खोडलं, बाकी राहू दिलं. फोनवर विचारणाऱ्यांना मी हेच सांगते: औषधाचं नाव नका विचारू, तुमच्या दोन्ही डॉक्टरांपुढे एकच कागद आहे का ते बघा. बहुतेकांपुढे नसतो. बहुतेकांनी किडनीवाल्यांपासून काढा लपवलेला असतो आणि काढेवाल्यांपासून रिपोर्ट.

पाच महिन्यांनी एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली. क्रिएटिनिन ४.१ वरून ३.६ वर आलं. भाऊजींनी पेढे आणले. (आम्ही खायचे, यांनी बघायचे.) हे म्हणाले, "आता फिस्टुला कशाला? उतरतंय ना." डॉक्टरांनी तो सहा महिन्यांपासून करून घ्या म्हणून सांगितलं होतं, कारण शीर जाड व्हायला दीड-दोन महिने सहज लागतात. आणि आम्ही आज-उद्या करत होतो. हातावर कायमची खूण झाली की आजार खरा ठरतो, असं काहीतरी यांच्या मनात होतं. मी पेढे आणि रिपोर्ट घेऊन वैद्यताईंकडे गेले. श्रेय त्यांचंच, नाही का?

त्यांनी पेढा घेतला नाही. यांना वजनकाट्यावर उभं केलं. सहा किलो कमी. मग दंडाला हात लावून बघितला, मांडी बघितली. "काका, क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू झिजले की तेही कमी होतं. किडनी तेवढीच आहे, तुम्ही बारीक झालात." युरिया त्याच रिपोर्टवर वाढलेला होता, तो आमच्यापैकी कुणी वाचलाच नव्हता. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, जुलाब थांबले, अंगातलं पाणी भरून आलं, तरी क्रिएटिनिन उतरतं, आणि त्या वेळी जो कोणी काढा देत असेल त्याच्या नावावर ते जमा होतं. माझ्या कॅशियरच्या डोक्याला हे लगेच कळलं. शिल्लक वाढलेली दिसते कारण देणं कुठे लिहिलंच नाही.

"डॉक्टरांची तारीख घ्या," वैद्यताई म्हणाल्या. "आधी हात करून घ्या. टेकू भिंत पडायच्या आधी लावतात." आयुर्वेदाच्या वैद्याच्या सांगण्यावरून फिस्टुला करून घेतलेलं आमचंच घर असावं. यांनी डॉक्टरांचं सहा महिने ऐकलं नाही, त्यांचं एका दुपारी ऐकलं.

गेल्या सात महिन्यांपासून डायलिसिस चालू आहे. सुरू केलं त्या आठवड्यात क्रिएटिनिन ६.२ होतं, ईजीएफआर ९, आणि हे सकाळी उठून कोरड्या उलट्या काढत होते. आठवड्याला तीनदा, चार-चार तास. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसल्यामुळे खर्चाचा मोठा भाग सुटला. हात तयार होता, म्हणून मानेत नळी घालावी लागली नाही. आमच्याबरोबर सुरू झालेल्या चौघांपैकी तिघांच्या मानेत होती. त्यातल्या एकाच्या नळीला जंतू लागले आणि तो पंधरा दिवस तापाने फणफणला.

डायलिसिस सुरू झाल्यावर तक्ता उलटा झाला. हे फार जणांना माहीत नसतं, म्हणून सांगते. आता प्रथिनं वाढवायची, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, कारण मशीन युरियाबरोबर अमिनो आम्लंही घेऊन जातं. आधीचं कडक पथ्य तसंच चालू ठेवलं तर माणूस उपासमारीनेच खचतो. अंड्याच्या पांढऱ्यावर आमच्या घरात तीन दिवस चर्चा झाली. वैद्यताई शाकाहारी आहेत, तरी म्हणाल्या, द्या. पाणी आणि पोटॅशियमचा पहारा मात्र तोच.

आमच्या शिफ्टला एक तरुण मुलगा यायचा, तिशीतला. त्याने कुठेतरी जाहिरात बघितली, डायलिसिस कायमचं बंद करून देतो म्हणून. पैसे भरले, गेला. तिथे त्याला रोज गरम पाण्यात बसवायचे आणि काढे पाजायचे. तीन आठवड्यांनी त्याला परत आणला तेव्हा फुप्फुसात पाणी भरलेलं होतं, आडवं होता येत नव्हतं. वाचला. आता तो माझ्याशी नजर मिळवत नाही, जणू चूक त्याची होती. मी त्याला मुद्दाम जाऊन सांगितलं की या देशात १९५४ पासून एक कायदा आहे, ज्यात नावं देऊन लिहिलंय की अमुक आजार बरे करतो अशी जाहिरात करायची नाही. त्या यादीत ब्राइट्स डिसीज आहे. लंडनच्या रिचर्ड ब्राइटने १८२७ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून किडनीच्या या विकाराचं जुनं नाव ते. सत्तर वर्षं झाली कायद्याला. तो म्हणाला, "काकू, जाहिरातीत ब्राइट्स नव्हतं लिहिलेलं, किडनी लिहिलं होतं." यावर काय बोलणार.

मागच्या रविवारी वैद्यताई घरी आल्या होत्या, सहज. हे नुकतेच गाल फुगवून गॅलरीतून आत आले होते. पुरुषाची नाडी उजव्या हाताची बघतात, तशी त्यांनी यांचा उजवा हात धरला आणि डोळे मिटून बराच वेळ बसल्या. मग विचारलं, "डावा बघू का जरा?" फिस्टुलावर तीन बोटं अलगद ठेवली. त्या गुणगुणीने त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "अशी नाडी आम्हाला शिकवली नव्हती," म्हणाल्या.

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शनिवारचं पोटॅशियम किती आलं, काकू?"

"का हो," हे म्हणाले, "दोन्ही हात बघितलेत की. नाडीत नाही कळलं?"

"कळतं ना. पण काकूंच्या वहीत जास्त चांगलं कळतं."

मी वही काढली. ५.१.